अबोल्याचं वर्ष आणि मिठाचा तांडा

आमच्या घरात त्या वर्षी सर्वांत जास्त वापरला गेलेला शब्द 'सांग' हा असावा. बाबांना सांग, जेवण वाढलंय. आईला सांग, बॉयलरवाला उद्या येणार आहे. बाबांना सांग, त्यांचा टॉवेल रेडिएटरवर पडलाय, तो उचलायला वाजंत्री लावून बोलावणं धाडायचं का. हे निरोप देताना दोघंही बहुतेक वेळा एकाच खोलीत असत, कधी एकाच टेबलाशी. ज्याच्यासाठी निरोप असे त्याने तो आधीच ऐकलेला असे, तरी मी तो पुन्हा उच्चारेपर्यंत तो जागचा हलत नसे. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. जन्म कार्डिफचा, शाळेत इंग्रजी आणि वेल्श, घरात मराठी, आणि ते मराठी असं की "बाबा, आई म्हणते तुमचा टॉवेल ओली आहे." बाबा म्हणत, "ओला." आई काही म्हणत नसे, कारण त्यावर बोलणं म्हणजे बाबांच्या बोलण्याला जोड देणं झालं असतं.

अबोला म्हणजे भांडण नव्हे, हे बाहेरच्यांना समजावणं अवघड जातं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणींच्या घरी भांडणं होत, दारं आपटत, कुणीतरी गाडी घेऊन निघून जाई आणि दोन तासांनी परत येई. आमच्याकडे काहीच आपटत नव्हतं. घर रांगेतलं, दुमजली होतं. मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून बाबांनी बांधून घेतलेली काचेच्या छपराची खोली. त्या छपरावर पाऊस लागला की स्वयंपाकघरात बोललेलं ऐकू येत नसे. कार्डिफला पाऊस पुष्कळ, त्यामुळे घरातली शांतता पुष्कळदा पावसाच्या नावावर खपून जाई. बाकी कुकरच्या शिट्ट्या, पोळपाटावरचं लाटणं, वॉशिंग मशीनचं शेवटचं गरगरणं, बाबांचा चमचा कपात तीनदा फिरून थांबणं, हे सगळं मला आजही क्रमाने ऐकू येतं. माणसं बोलत नसली की घरातल्या वस्तू बोलतात.

स्वयंपाक मात्र बिघडला नाही. उलट सुधारला. आई हॉस्पिटलात छातीच्या वॉर्डावर नर्स होती. दिवसपाळी करून आली तरी बाबांसाठी वेगळी भाकरी थापायची, कारण त्यांना रात्री पोळी चालत नसे. एकदा भरली वांगी खाताना बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "मनू, आईला सांग, वांगी फार छान झालीयेत." आई ओट्याकडे तोंड करून उभी होती. ती म्हणाली, "बाबांना सांग, वांगी कोपऱ्यावरच्या तुर्की दुकानातली आहेत. कौतुक त्या दुकानदाराला पोचवा म्हणावं." बाबा हसले. मला वाटतं, तीही हसली असावी. पाठमोऱ्या माणसाचं हसू खांद्यांवरून ओळखायला मी त्या वर्षी शिकले.

सुरुवात संक्रांतीला झाली होती. आमच्या मंडळाचं हळदीकुंकू एका चर्चच्या हॉलमध्ये असे. तिळगूळ वाटून झाला, गोड बोला म्हणून झालं, आणि चहाच्या वेळी एका काकूंनी आईचा हात धरून म्हटलं, "केंब्रिजला चाललात म्हणे! आम्हाला विसरू नका हं." आई एक क्षण थांबली आणि म्हणाली, "छे हो, विसरतोय कसले." त्यानंतर तिने तीन जणींना साखरफुटाणे दिले, एकीच्या सुनेची चौकशी केली, डबे गोळा केले. गाडीत बसल्यावर बेल्ट लावला, समोरच्या काचेकडे पाहिलं आणि मागे बसलेल्या मला म्हणाली, "मनू, बाबांना विचार, केंब्रिज किती लांब आहे." तो पहिला निरोप.

बाबा प्रयोगशाळेतली यंत्रं दुरुस्त करणारे इंजिनिअर होते. कार्डिफच्या त्यांच्या कंपनीत माणसं कमी होणार होती. केंब्रिजच्या एका नव्या लॅबने त्यांना बोलावलं आणि त्यांनी फोनवर होकार दिला. इमारत बांधून व्हायची होती, म्हणून रुजू व्हायला सप्टेंबरपर्यंत अवकाश होता. त्यांनी हे एका मित्राला सांगितलं. मित्राने बायकोला सांगितलं. ती बायको म्हणजे त्या काकू. बाबांचं म्हणणं होतं की सगळं पक्कं झाल्यावर ते आईला सांगणारच होते. हे म्हणणं त्यांनी माझ्यामार्फत पाठवलं आणि आईने त्याला उत्तर पाठवलं नाही.

पुढे मी वीसेक वर्षं बातम्यांचं काम केलं. 'असं त्यांनी सांगितलं' ही शेपटी मी किती वाक्यांना लावली असेल, त्याला गणती नाही. कुणी विचारलं की हा व्यवसाय कसा निवडला, तर मी काहीतरी ठरावीक सांगत असे. खरं उत्तर त्या जेवणाच्या टेबलाशी आहे. एकाचं वाक्य दुसऱ्याला देताना त्यात आपलं काही मिसळायचं नाही, राग गाळायचा नाही आणि वाढवायचाही नाही, हे मी आधी तिथे शिकले.

त्याच वर्षी मिठाचा तांडा घरात आला. शनिवारी माझा मराठीचा वर्ग सुटला की बाबा मला घेऊन गावातल्या जुन्या आर्केडमध्ये जात. छताखालच्या त्या गल्लीत कॉमिक्सचं एक अरुंद दुकान होतं. तिथे त्यांनी एका मांगाचा, म्हणजे जपानी चित्रकथामालिकेचा, पहिला भाग उचलला. मुखपृष्ठावर डोंगराच्या कडेने निघालेली ओझ्याची खेचरं होती. "घाट दिसतोय," एवढंच म्हणाले आणि पैसे देऊन मोकळे झाले. त्या दुकानदाराने आम्हाला बजावलं की हे उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. मालिकेचं नाव इथे देत नाही. ती अजून चालू आहे, आणि चालू असलेल्या गोष्टीविषयी ठाम लिहू नये, असं मला वाटतं.

गोष्ट साधी होती. समुद्राकाठचं मीठ डोंगरापलीकडच्या खोऱ्यांत नेणारा एक तांडा. त्याची म्होरकी साया नावाची तरुणी, आणि वाटाड्या गोन नावाचा म्हातारा, जो कुणाशी सरळ बोलत नाही. प्रत्येक भागात एक खिंड किंवा एक गाव. पहिल्या दोन भागांत चेहरे ओबडधोबड होते. लेखकाचा हात बसायला वेळ लागला होता आणि ते आम्हाला दिसत होतं. चौथ्या भागापासून डोंगर असे येऊ लागले की मी पान नाकाशी धरून बसत असे. सातव्यापासून मिठाचा लिलाव सुरू झाला आणि तो संपेचना. सहा भाग लिलाव! दर शनिवारी एक भाग मिळायचा, म्हणजे दीड महिना मी डोक्यावर टोपलं घातलेल्या व्यापाऱ्यांच्या बोली ऐकत काढला. चिडून एकदा पुस्तक पलंगाखाली फेकलं आणि दुसऱ्या दिवशी काढून पुन्हा वाचलं. लांबलचक मालिकेचा वाचक असाच असतो. कंटाळ्याच्या बाबतीत तो अत्यंत सहनशील होतो, कारण त्याची माणसं आत अडकलेली असतात. मला रडू आलं तेही कुणी मेलं म्हणून नव्हे. एका गावात तांडा पोचतो तेव्हा ती वस्ती रिकामी झालेली असते आणि एका चुलीवर किटली तशीच ठेवलेली असते. सगळं पान त्या किटलीचं. ते पान पाहून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

अलीकडे मी मालिका पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. साया आता मला उतावीळ वाटते. तेव्हा मी तिच्यासारखे केस कापून घेतले होते, यावर विश्वास बसत नाही. लिलावाचे सहा भाग मात्र उत्तम आहेत. कोण काय बोलत नाही यावर सगळा भाव ठरतो, हे चौदाव्या वर्षी कळण्यासारखं नव्हतं.

त्या पुस्तकांतले संवाद इंग्रजीत केलेले होते, पण चित्रांत काढलेले आवाज जपानी अक्षरांतच राहिले होते. ती अक्षरं चित्राचाच भाग असतात. दोराला गुंडाळलेली, दगडांवर सांडलेली, कधी पान भरून, कधी कोपऱ्यात मुंगीएवढी. पुष्कळ आवृत्त्यांत मागे त्यांचे अर्थ दिलेले असतात. आमच्यात नव्हते. बाबांनी पहिल्याच भागात बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

"आवाज आहे."

"कसला?"

"माहीत नाही. दोरीचा असेल."

ज्यावर नाव नाही अशी वस्तू बाबांना सोडवत नसे. गॅरेजमधल्या खिळ्यांच्या बरण्यांवरसुद्धा चिठ्ठ्या होत्या. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, दोराकडे बराच वेळ पाहिलं आणि अक्षरांच्या शेजारी बारीक लिहिलं: करकर. मग खेचराच्या खुरांशी टपटप. ओढ्याशी खळखळ. तंबूचं कापड फाटतं तिथे टर्र. मला यातले अर्धे शब्द नवे होते. "टर्र म्हणजे?" मी विचारलं. त्यांनी उत्तर न देता जुना रुमाल घेतला आणि माझ्यासमोर फाडला.

आईने त्यात कधी शिरकाव केला, ते मला कळलंच नाही. एका सकाळी टेबलावर तिसरा भाग उघडा होता. बाबांच्या 'टपटप'वर आडवी रेघ होती आणि शेजारी आईच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: खटखट. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मनू, आईला सांग, नाल दिसत नाहीये चित्रात. नाल नसेल तर खटखट कसं होईल?"

आई डबा भरत होती. "बाबांना सांग, मागचं पान बघा म्हणावं. लोहार काय शोभेला काढलाय?"

बाबांनी मागचं पान पाहिलं. लोहार होता. त्यांनी खोडरबर मागवलं आणि स्वतःचा शब्द नीट पुसून टाकला. आई बसमध्ये ती पुस्तकं वाचत होती, हे मला त्या दिवशी समजलं. तिच्या पर्समध्ये ताप मोजायच्या यंत्राशेजारी आता पेन्सिल असे.

तेव्हापासून प्रत्येक भाग तीन हातांतून जाऊ लागला. आधी मी, कारण मला धीर नसे. मग बाबा, मग आई, मग पुन्हा बाबा, आईने काय खोडलं ते बघायला. मी निरोप नेत-आणत होतेच, पण आता त्यांना विषय होता. फोडणीच्या 'चर्र'वर एकमत झालं. सुरीने मुळा कापण्यावर झालं नाही. बाबा कचकच म्हणत, आई खचखच, आणि शेवटी तिने खरंच मुळा आणून, बाबा पेपर वाचत असताना, त्यांच्या शेजारी कापायला घेतला. मुळा संपल्यावर बाबा म्हणाले, "आईला सांग, सुरीला धार नाहीये, म्हणून तसं वाजतंय." आई म्हणाली, "बाबांना सांग, मग धार कुणी लावायची असते घरात?" संध्याकाळी सगळ्या सुऱ्यांना धार लागलेली होती.

मंडळातल्या एक काकू एकदा घरी आल्या. बाबा वाचत होते, आई लिहीत होती, मी पाटावर बसून चित्र गिरवत होते. काकू म्हणाल्या, "तुमचं घर किती शांत गं! आमच्याकडे नुसता बाजार." आईने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "बाजार बरा असतो."

उन्हाळा आला तशी मला काळजी वाटू लागली. केंब्रिजची इमारत पुरी झाल्याचं बाबांना आलेल्या फोनवरून मी ऐकलं होतं. ते गॅरेजमधली हत्यारं हळूहळू एका बाजूला लावत होते. आपण तिघं जाणार, की ते एकटे, की ते आणि मी, हे कुणी बोलत नव्हतं. घर मोडणार की नाही, हे मला कुणाला विचारता येत नव्हतं, कारण एकाला विचारलेला प्रश्न मलाच उचलून दुसऱ्याकडे न्यावा लागला असता आणि उत्तर घेऊन परत यावं लागलं असतं. माझ्या मनात एक हिशेब बसला होता: ते एकमेकांशी बोलू लागले की सगळं ठीक होईल. तांड्याची पुस्तकं त्यांना त्या दिशेने नेत आहेत असं मला वाटे. म्हणून मी आवाजांवरून मुद्दाम शंका काढत असे, कळत असलेल्याही.

मग तो भाग आला, ज्यात संवादच नाहीत. खिंडीत बर्फाचं वादळ होतं, तांड्यातला एकजण मागे राहतो आणि गोन त्याला आणायला एकटा परत फिरतो. संपूर्ण भागात एकही माणूस बोलत नाही. फक्त चित्रं आणि जपानी आवाज. मी तो दुकानाबाहेरच्या बाकावर बसून संपवला. शेवटचं पान पूर्ण काळं होतं. मधोमध तीन छोटी अक्षरं, एकाखाली एक. बस. पुढचा भाग कधी येणार, दुकानदारालाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आईला सुट्टी होती. दुपारचं जेवण झालं होतं, आमटीभात, बटाट्याच्या काचऱ्या, काकडीची कोशिंबीर. ताटं उचलली गेली आणि पुस्तक टेबलावर आलं. बाबांनी काळ्या पानावर बोट ठेवलं.

"मनू, आईला सांग, हा बर्फ घसरल्याचा आवाज आहे. धस्स. मागच्या पानावर कड्याला भेग दाखवलीय."

"बाबांना सांग, बर्फ कोसळला की पान भरून अक्षरं काढतो हा माणूस. मागे दोनदा काढलीयेत. एवढीशी नाही."

"आईला सांग, लांबून आवाज आला तर लहानच येणार."

"लांबून कुठला? काळोखात आहे तो. त्याच्या नाकासमोर जे असेल तेच ऐकू येईल ना त्याला!"

मी निरोप पुन्हा सांगायला तोंड उघडलं. माझ्यासाठी कुणी थांबलं नाही.

"काळोख म्हणजे तो बर्फाखाली गेला, नीला."

"गेलाय ना. म्हणून तर म्हणतेय. श्वास आहे तो. सोडलेला. अक्षरं बघा कशी खाली उतरलीयेत. शेवटचं पुसट आहे."

"पुसट म्हणजे संपला."

"संपला काय हो लगेच? वॉर्डात रोज ऐकते मी. श्वास सोडला की माणूस जरा थांबतो, पुढचा घेईपर्यंत. तेवढ्यात तुम्ही त्याला मेलेला ठरवून मोकळे!"

"मी कुठे ठरवलं?"

"तुम्हीच ठरवता. नेहमीच. ठरवता, मग गावाला सांगता, आणि सगळ्यांत शेवटी मला."

काचेच्या छपरावर पाऊस नव्हता, त्यामुळे लपायला काही नव्हतं. बाबांनी पुस्तक मिटलं.

"सांगणार होतो मी."

"कधी?"

"पक्कं झाल्यावर."

"पक्कं झाल्यावर सांगतात ती बातमी असते. मी काय बातम्या ऐकायला बसलेय?"

त्यानंतर ते बोलत राहिले. आवाज चढला नाही. मी टेबलाशीच होते आणि मला कुणी जा म्हणालं नाही. बाबांनी कंपनीचं सांगितलं, कोण कोण गेलं आणि पुढचं नाव आपलं कसं होतं. आईने वॉर्डाचं सांगितलं, की तिला आता वरची जागा मिळते आहे आणि ती सोडली तर नव्या गावी पुन्हा खालून सुरुवात. दोन्ही गोष्टी दुसऱ्याला ठाऊक नव्हत्या. एकाच घरात राहून ठाऊक नव्हत्या. मध्येच आईने उठून चहा टाकला, आणि बाबांनी न सांगता दूध काढून दिलं. मला वाटलं, झालं. संपलं हे सगळं.

मग बाबांनी विचारलं, "तू येशील का?"

आई कप हातात धरून विचार करत होती. घाई नव्हती तिला. "जानेवारीत विचारलं असतंत तर कुरकुर केली असती आणि आले असते," ती म्हणाली. "आता नाही येणार. रागाने नाही म्हणत. या वर्षात मला कळलंय, माझं एकटीचं चालतं."

बाबांनी कप खाली ठेवला. "माझंही चाललं," ते म्हणाले. "वाईट वाटतं म्हणायला."

"वाटू दे. खरं आहे ना."

अशा रीतीने जेवण आणि संध्याकाळचा दिवा यांच्यामध्ये आमचं घर दोन ठिकाणी झालं. अबोल्यात ते एकत्र राहिलं होतं. माझा हिशेब उलटा निघाला. मला त्या क्षणी राग आला तो गोनचा, त्याने मागे फिरायलाच नको होतं असा. आज मला वाटतं, ते दोघं तेव्हा पहिल्यांदा एकमेकांशी अगदी नीट वागले, आणि नीट वागण्याचा परिणाम नेहमी आपल्याला हवा तोच होतो असं नाही.

गोनचं पुढे काय झालं, ते लेखकाने चार भाग सांगितलं नाही. तांडा समुद्राकडे वळला, नवी माणसं आली, एक कंटाळवाणं लग्न झालं. मी प्रत्येक भाग शेवटून चाळत असे. अखेरीस तो सापडला, एका मेंढपाळाच्या झोपडीत, जिवंत, एक पाय गेलेला. "मी म्हटलं होतं," आई फोनवर म्हणाली. "पाय गेला ना पण," बाबा पलीकडून म्हणाले, आणि दोघं त्यावर अर्धा तास बोलत होते. ते पुन्हा एका घरात राहिले नाहीत. कागदोपत्री वेगळेही झाले नाहीत. रविवारचा त्यांचा फोन बाबा असेपर्यंत चुकला नाही.

पण त्या दुपारी हे काही माहीत नव्हतं. चहा संपला होता. दोघं एकदमच माझ्याकडे वळले. आई म्हणाली, "मनू, तुझं काय?" बाबा म्हणाले, "तुला काय हवंय ते सांग. आम्ही ऐकू." मी एकदा आईकडे, एकदा बाबांकडे पाहिलं. इतके महिने मी त्यांची वाक्यं इकडून तिकडे नेली होती आणि माझं स्वतःचं वाक्य माझ्याकडे तयार नव्हतं. ते जुळवायला मला वेळ लागला. भिंतीवरचं घड्याळ, फ्रिजची घरघर, शेजारच्यांच्या कुत्र्याचं भुंकणं, सगळं ऐकून झालं.

"मी इथेच राहणार," मी म्हणाले. "शाळा इथे आहे. सुट्टीत तिकडे येणार. आणि मी आता कुणाची निरोप नाही सांगणार. तुम्ही दोघं एकमेकांना फोन करा."

वाक्यात चूक होती. कुणी सुधारली नाही. बाबांनी मान हलवली. आई म्हणाली, "बरं."

सप्टेंबरात बाबा गेले. गाडीत हत्यारांची पेटी, दोन सूटकेस, गाद्यांची एक वळकटी आणि आईने दिलेला डबा, त्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी. निघताना तिने खिडकीशी वाकून सांगितलं, "अहो, पोचलात की कळवा." गाडी वळली आणि आम्ही दोघी आत आलो. तिने भांडी घासायला घेतली. मी जिन्यात बसले, कारण फोन जिन्याखाली होता. अंधारून आल्यावर तो वाजला.

"मनू? पोचलो गं. ट्रॅफिक होता जरा. आईला सांग—"

"थांबा, बाबा," मी म्हणाले. रिसीव्हर पायरीवर ठेवला आणि स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "आई, तुझा फोन."

पाण्याचा नळ बंद झाला. आई टॉवेलला हात पुसत आली, पायरीवर बसली, रिसीव्हर कानाला लावला आणि काही वेळ नुसती ऐकत राहिली. पलीकडेही कुणी बोलत नसावं. मी तिच्या बाजूने वर चढले.

"हं," ती खाली म्हणाली. "बोला."

मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं.